पेट्रोल काय दूध आहे?

"पेट्रोल काय दूध आहे नासायला?" पोस्टमास्तर म्हणाले.

घरामागच्या पत्र्याच्या खोलीत ते उलट्या बादलीवर बसले होते. समोर गवत कापायचं मशीन आडवं पडलं होतं आणि त्याच्याशेजारी फिटर मांडी घालून बसला होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गल्लीत पोस्टमास्तरांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नसे. त्यांनाही ते आवडे, कारण पोस्टमास्तर म्हटलं की माणसं मध्ये बोलत नाहीत. फिटर मात्र बोलत असे. त्यानं मशीनचा कार्बुरेटर खोलून तळहातावर घेतला होता आणि तो त्याच्याकडे अशा चेहऱ्यानं पाहत होता, की जणू पेशंटच्या नातेवाइकांना आता आत बोलवावं.

"दुधाइतकं लवकर नाही, पण नासतं," फिटर म्हणाला. "पूर्वीचं पेट्रोल वेगळं होतं, मास्तर. आता त्यात इथेनॉल मिसळतात. म्हणजे दारूचाच एक प्रकार. आणि दारू काय करते?"

"मला काय विचारतोस? मी घेत नाही."

"पाणी मागते. हवेत ओल असते ना, ती ओढून घेते. रोज थोडी थोडी. मग एक दिवस पोट भरलं की दारू आणि पाणी हातात हात घालून तळाशी जाऊन बसतात. ड्रम कधी भरलाय हा?"

ड्रम चौदा महिन्यांपूर्वी भरला होता. पेट्रोलपंप दुरुस्तीसाठी पंधरा दिवस बंद राहणार, अशी पक्की बातमी पोस्टमास्तरांनी आणली होती आणि त्याच दिवशी वीस लिटर पेट्रोल भरून ठेवलं होतं. पंप एक दिवसही बंद राहिला नाही. तिसऱ्या महिन्यात ड्रमचं झाकण तुटलं. तेव्हापासून तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि त्यावर रबरबँड अशी व्यवस्था होती. पोस्टातून निवृत्त होताना पोस्टमास्तरांनी आठवण म्हणून रबरबँडचा एक मोठा डबा घरी आणला होता आणि त्या डब्यानं सुटणार नाही असा प्रश्न जगात नाही, असं त्यांचं मत होतं.

फिटरनं ड्रममध्ये नळी घातली, तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं आणि बरणी खिडकीत ठेवली. पाच मिनिटांत तिच्यात दोन मजले झाले. वर पिवळसर पेट्रोल आणि खाली दोन बोटं गढूळ पाणी. मध्ये पट्टीनं आखल्यासारखी रेघ.

"मोटारवाल्यांना याचं काही वाटत नाही," फिटर म्हणाला. "ते आठवड्याला टाकी रिकामी करतात आणि भरतात. मरतात ती ही लहान इंजिनं. वर्षातून चार वेळा चालवायची आणि बाकी दिवस टाकी भरून झोपवायची. आता हे सगळं माझ्याकडे द्या, मी गॅरेजच्या टाकाऊ पिंपात नेऊन टाकतो. मोरीत ओतू नका. आणि बोटीत तर अजिबात घालू नका."

बोटीचं नाव निघताच पोस्टमास्तर बादलीवरून उठले.

"आज बोट लागणार आहे," ते म्हणाले.

"मग थांबा. मी दुपारी पंपावर जाणारच आहे. ताजं आणून देतो."

"पाहुणे अकराला येतायत."

पाहुणे म्हणजे दंतवैद्य, दंतवैद्यांची बायको आणि त्यांचा मुलगा. हा मुलगा आणि पोस्टमास्तरांची मुलगी गेलं वर्षभर एकमेकांना ओळखत होती, आणि ओळख पुरेशी झाली आहे असं दोन्ही घरांतल्या मोठ्या माणसांनी आपसांत ठरवलं होतं. आज सगळ्यांनी भेटायचं आणि लग्नाचं पक्कं करायचं, असा बेत होता. घर तलावाच्या काठीच होतं. तलावात मधोमध एक झाडांचं बेट होतं आणि त्या बेटावर आपल्या बोटीतून नेऊन जेवण घालतो, असं पोस्टमास्तरांनी दंतवैद्यांना फोनवर तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा तर दंतवैद्यांनीच विचारलं होतं.

"जेवायला बेटावर कशाला?" पोस्टमास्तरांच्या बायकोनं आठवडाभर विचारलं होतं. "घरात टेबल आहे, खुर्च्या आहेत, पंखा आहे."

"पंखा सगळ्यांकडे असतो," पोस्टमास्तर म्हणाले होते.

फिटर गेला. पोस्टमास्तर बरणीसमोर उभे राहिले. त्यांनी ती डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. घाण खाली बसली आहे, हे फिटरनंच सिद्ध केलं होतं. म्हणजे वर उरलं ते शुद्ध पेट्रोल. मग वरचं तेवढं काढून घ्यायला काय हरकत आहे? एवढी साधी गोष्ट फिटरला सुचू नये, याचं त्यांना वाईट वाटलं.

त्यांनी कॅन घेतला, नळी घेतली आणि ड्रमच्या वरच्या अंगाचं पेट्रोल हळूच काढायला सुरुवात केली. चार लिटरपर्यंत सगळं रीतसर चाललं. बोटीला लागतं सात. नळी थोडी खाली सरकवली. सहाव्या लिटरला ड्रम जरा कलता केला. सातव्या लिटरला त्याला गुडघा लावला. मग कॅन हातगाडीवर ठेवला आणि दगडगोट्यांच्या पायवाटेनं खडखडत धक्क्यापर्यंत नेला. तिथे पोहोचेपर्यंत कॅनमधले सगळे मजले पुन्हा एकत्र नांदू लागले होते. पण कॅन प्लास्टिकचा होता आणि रंगानं लाल, त्यामुळे आतलं काही दिसायचा प्रश्न नव्हता.

अकराच्या ठोक्याला पाहुणे आले. दंतवैद्य उंच, नीटनेटके आणि कमी बोलणारे होते. समोरच्याचं बोलणं ऐकताना त्यांची नजर हळूच डोळ्यांवरून खाली घसरून दातांवर स्थिरावे, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना माणूस आपोआप ओठ मिटून बोलू लागे. त्यांची बायको मात्र मोकळी होती. मुलगा विमा कंपनीत होता आणि कशात किती धोका आहे हे मोजून सांगणं, हीच त्याची नोकरी होती. बोटीत पाय ठेवण्याआधी त्यानं सगळीकडे एक नजर टाकली.

"लाइफजॅकेट पाच," तो म्हणाला. "वल्हं एकच?"

"दुसरं घरी आहे," पोस्टमास्तरांची मुलगी म्हणाली. "कपड्यांच्या दोरीला टेकू दिलाय."

ही मुलगी जनावरांची डॉक्टर होती. अडलेल्या गाईपासून चावऱ्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांशी ती एकाच शांत आवाजात बोले, आणि वडिलांशीही त्याच आवाजात.

"वल्ह्यांचं काम काय?" पोस्टमास्तर म्हणाले. "इंजिन आहे की."

त्यांची बायको धक्क्यावरच थांबली. "मी नाही येत. मला पाणी सोसत नाही. तुम्ही फिरून या, जेवण मी मागाहून शेजारच्यांबरोबर पाठवते."

बोट सुरेख निघाली. इंजिनाच्या नळीत मागचं थोडं चांगलं पेट्रोल शिल्लक असावं. दहा मिनिटं ते मांजरासारखं गुरगुरत होतं. पोस्टमास्तर सुकाणूला हात लावून ताठ बसले होते आणि यंत्राला कसं वागवावं यावर बोलत होते. "यंत्र म्हणजे घरचं माणूस आहे. वेळेवर खायला घाला, चांगलं खायला घाला, ते तुम्हाला कधी दगा..."

इंजिन खोकलं.

"जुना आहे का खोकला?" दंतवैद्यांनी विचारलं.

"घसा साफ करतंय."

इंजिनानं आणखी दोनदा घसा साफ केला आणि ते बंद पडलं. बेट अजून तेवढंच लांब होतं आणि घरही तेवढंच लांब होतं. पोस्टमास्तरांनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. अकराव्या वेळी दोरी त्यांच्या हातात आली, म्हणजे सगळीच.

मग मुलानं वल्हं घेतलं. एका वल्ह्यानं एका बाजूला वल्हवलं की बोट गोल फिरते, हे त्याला एका फेरीत कळलं. म्हणून त्यानं बाजू बदलली. बोट उलटी गोल फिरली. तेवढ्यात पोस्टमास्तरांचा फोन वाजला.

"अहो, मी गच्चीतून बघतेय," बायको म्हणाली. "तुम्ही गोल गोल का फिरताय?"

"पाहुण्यांना चारी बाजूंचा देखावा दाखवतोय."

"दोन्हीकडून?"

पोस्टमास्तरांनी फोन ठेवला. दंतवैद्यांनी तोवर कोट काढून घडी करून बायकोकडे दिला होता आणि बाह्या दुमडल्या होत्या. त्यांच्या शर्टाच्या खिशातून एक लहानसा आरसा आणि टोकदार सळई निघाली.

"रविवारीसुद्धा?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"सवय," दंतवैद्य म्हणाले. "जरा उघडून द्या पाहू."

त्यांना इंजिनाची काही माहिती नव्हती. पण अंधाऱ्या, अडचणीच्या जागेत वाकून बघायची कला त्यांच्या हातात होती. पोस्टमास्तरांनी पाना चालवला, दंतवैद्यांनी आरसा आत घातला आणि तो हळूहळू सगळीकडे फिरवला. पोस्टमास्तरांचा स्वतःचाच जबडा आवळला गेला.

"कीड आहे," दंतवैद्य म्हणाले. "इथे हिरवा थर चढलाय. आणि या बारीक भोकात डिंकासारखं काहीतरी बसलंय. कधी साफ केलं होतं?"

"नियमित करतो."

दंतवैद्यांनी वर पाहिलं नाही. सळईनं ते भोक टोकरलं, मग जोर पुरेना म्हणून तोंड लावून फुंकलं. पुढच्या क्षणी ते बोटीच्या कडेला ओणवे होऊन थुंकत होते. त्यांच्या बायकोनं पाण्याची बाटली पुढे केली.

"तीस वर्षं लोकांना सांगताय," ती म्हणाली. "आता स्वतः भरा चूळ."

दंतवैद्यांनी चूळ भरली, रुमालानं ओठ टिपले आणि रिकामी झालेली बाटली उजेडात धरली. "मास्तर, पेट्रोल कुठलं आहे?"

"ताजं आहे," पोस्टमास्तर म्हणाले.

"बाबा," मुलगी म्हणाली. एवढंच म्हणाली, पण गाईला इंजेक्शन द्यायच्या आधी ती याच आवाजात बोलत असे.

दंतवैद्यांनी त्या पारदर्शक बाटलीत टाकीतलं पेट्रोल घेतलं आणि ती बाकावर ठेवली. पाचही जण तिच्याकडे बघत बसले. दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतंच. हळूहळू बाटलीत रेघ उमटली. वर पिवळं, खाली गढूळ. खालचं बरंच होतं.

"मास्तर," दंतवैद्य सावकाश म्हणाले, "माझ्या खुर्चीत बसणारा प्रत्येक माणूस सांगतो, की मी दिवसातून दोनदा दात घासतो."

पोस्टमास्तरांनी मग ड्रमचं सगळं सांगितलं. चौदा महिने, प्लास्टिकची पिशवी, फिटर आणि त्याची बरणी. वरचं-वरचं काढून घ्यायची युक्तीही सांगितली. ती घरी जितकी हुशारीची वाटली होती, तितकी तलावाच्या मध्यावर वाटेना.

फोन पुन्हा वाजला.

"काळजी करू नका," बायको म्हणाली. "मला कळलंय तुम्ही अडकलात. गळवाल्यांना पाठवलंय." गळवाले म्हणजे शेजारचे, ज्यांचा गळ पाण्यात नसला तर ते घरात आजारी पडलेले असत. त्यांचीही एक लहान बोट होती. "त्यांच्या टाकीत तळालाच थोडं पेट्रोल होतं. मग मी आपल्या ड्रममधलं दिलं."

पोस्टमास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकू येतंय ना?"

"किती दिलंस?"

"सगळं. ड्रम अगदी उपडा करून दिला."

"त्यांना थांबव."

"निघाले पण."

लांबून इंजिनाचा आवाज आला. सगळ्यांचे चेहरे उजळले. विमावाला मुलगा हात हलवू लागला, दंतवैद्यांच्या बायकोनं पदर नीट केला. पोस्टमास्तर तेवढे पाण्यात बघत बसले. गळवाल्यांची बोट जवळ जवळ येत गेली, हाकेच्या अंतरावर आली आणि तिथे खोकून थांबली.

"काय झालं?" मुलानं ओरडून विचारलं.

"कळत नाही," गळवाले तिकडून म्हणाले. "आत्ताच भरलंय."

त्यांच्याकडे वल्ही दोन होती, पण खांदा धरलेला होता. वारा त्यांना हळूहळू उलट दिशेला नेत होता. त्यांनी एक-दोनदा दोरी ओढून पाहिली, मग डबी उघडली, गळ बाहेर काढला आणि पाण्यात टाकला. मागे वळूनही बघितलं नाही. घरून इतक्या अधिकृत कामासाठी पाठवलं जाऊन गळ टाकायला मिळण्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी.

एक वाजून गेला. ऊन डोक्यावर आलं. दंतवैद्यांनी एक शेवटचा प्रयत्न करायचं ठरवलं. टाकीच्या वरच्या भागातलं पेट्रोल रुमालातून गाळून घ्यायचं आणि भोक पिनेनं पुन्हा मोकळं करायचं. पोस्टमास्तर आरसा धरून बसले. दोघांची डोकी इंजिनात होती. बोटीच्या पुढच्या टोकाला मुलगा आणि मुलगी हळू आवाजात काही बोलत होती. मग मुलगी मागे वळली.

"बाबा, काका, काकू, आम्हाला एक सांगायचंय. जेवण झाल्यावर सांगणार होतो. पण जेवणाचं काही दिसत नाही."

"बोल," इंजिनातून पोस्टमास्तर म्हणाले.

"आम्ही लग्न करणार नाही."

"दोन मिनिटं थांब. पिन आत अडकलीय."

दंतवैद्यांच्या बायकोनं मात्र ऐकलं होतं. "कुणाशी?" तिनं विचारलं.

"एकमेकांशी," मुलगा म्हणाला.

पिन आतच राहिली. दोन्ही डोकी बाहेर आली. दंतवैद्यांच्या नाकाला काळं लागलं होतं.

मुलानं सांगितलं, की कंपनी त्याला दूर पाठवते आहे, दोन विमानं बदलून जावं लागतं इतकं दूर, आणि त्याला जायचं आहे. मुलीनं सांगितलं, की दवाखाना तिनं स्वतः उभा केला आहे आणि तिला इथेच राहायचं आहे. दोघं महिनाभर यावर बोलली होती आणि भांडण न होता दोघांनाही कळलं होतं, की ते एकमेकांना आवडतात, पण एवढे नाही.

"हे बोटीत सांगायचं?" दंतवैद्य म्हणाले.

"इथून कुणी निघून जाऊ शकत नाही म्हणून," मुलगी म्हणाली.

हे अगदी खरं होतं. एरवी अशी बातमी ऐकून माणूस ताडकन उठतो, दार आपटतो, दुसऱ्या खोलीत जाऊन येरझाऱ्या घालतो. दंतवैद्यांनी ताडकन उठून पाहिलं.

"पप्पा, खाली बसा. बोट कलते," मुलगा म्हणाला.

दंतवैद्य बसले. मग पोस्टमास्तरांना राग आला, पण उठायची पाळी गेली होती, म्हणून ते बसल्या बसल्याच तापले. "महिनाभर माहीत होतं आणि आज पाहुण्यांना इथवर आणलंस?"

"मी आणलं? बोट तुमची आहे, बाबा."

"तुमचा मुलगा नोकरी सोडून राहू शकत नाही का?" पोस्टमास्तरांनी दंतवैद्यांना विचारलं.

"तुमच्या मुलीला तिकडे जनावरं मिळणार नाहीत का?" दंतवैद्य म्हणाले.

"निदान आम्ही ताजं पेट्रोल..." दंतवैद्यांच्या बायकोनं सुरुवात केली आणि वाक्य अर्धं सोडलं. पण ते सगळ्यांना पूर्ण ऐकू आलं.

मोडलेल्या लग्नाची दोन्ही घरं एका बोटीत, गुडघ्याला गुडघा लावून बसली होती आणि मध्ये बाकावर ती दोन मजल्यांची बाटली होती. बराच वेळ गेल्यावर दंतवैद्य सुकाणूकडे सरकले. पोस्टमास्तरांनी मुकाट्यानं आरसा धरला आणि अडकलेली पिन काढायचं काम पुन्हा सुरू झालं.

"वाईट वाटलं," दंतवैद्य हळूच म्हणाले.

"मुलांचं आहे. त्यांचं त्यांना कळतं," पोस्टमास्तर म्हणाले.

"लग्नाचं म्हणत नाही मी. ते घरात हीच बघत होती. मला इथे यायचं होतं. तुम्ही फोनवर बोटीबद्दल बोलायचात ना, ते ऐकायला बरं वाटायचं." दंतवैद्यांनी सळई पुसली. "तीस वर्षं दिवसभर माणसांशी बोलतोय. पण समोरच्याच्या तोंडात माझा हात असतो, मास्तर. उत्तर कुणी देत नाही."

पोस्टमास्तरांनी आरसा जरा डावीकडे केला, म्हणजे दंतवैद्यांना नीट दिसावं.

अडीचच्या सुमाराला काठाकडून एक मोठा पांढरा हंस येताना दिसला. तलावाच्या बागेत पायडल मारून चालवायचे प्लास्टिकचे हंस असत, त्यांतला तो होता. मान उंच, चोच पिवळी आणि डोळ्यांत जगाबद्दल कमालीचा तुच्छपणा. त्याच्या पोटात डावीकडे फिटर बसला होता आणि उजवीकडे, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन, पोस्टमास्तरांची बायको जोरजोरात पायडल मारत होती. पाणी सोसत नसल्याचं तिच्या तोंडावर कुठेच दिसत नव्हतं.

"इंजिनवाली बोट नाही मिळाली?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"काठाला दोन होत्या," फिटर धापा टाकत म्हणाला. "पण दोन्ही मालकांना गेल्या महिन्यात तुम्हीच हौसेनं ड्रममधलं पेट्रोल दिलं होतं. एकही सुरू होईना. मग म्हटलं, ज्याला पेट्रोल लागतच नाही असं काहीतरी घेऊ."

हंस बोटीला बांधला. फिटरनं टाकी उतरवून घेतली, आतलं सगळं एका कॅनमध्ये काढलं, एक थेंब तलावात पडू दिला नाही. इंजिनाची जुनी रबरी नळी त्यानं नुसती चिमटीत धरली तर ती भिजलेल्या पावासारखी तुटली. "हेही इथेनॉलचंच काम," तो म्हणाला. "जुनं रबर खातं ते." मग त्यानं कार्बुरेटर हातात घेतला आणि उन्हाकडे धरला.

"हा कुणी साफ केला?"

"मी," दंतवैद्य म्हणाले.

"कुठल्या गॅरेजला असता?"

दंतवैद्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच हसू आलं आणि त्यांचे स्वतःचे दात सगळ्यांना दिसले. ते थोडे वाकडे होते.

नवी नळी, ताजं पेट्रोल, नवी दोरी. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. तोवर डबा उघडला होता आणि सगळे जण बोटीत आणि हंसात बसून जेवले. गळवाल्यांसाठी एक ताट वेगळं काढलं, पण ते न्यायला गेल्यावर त्यांनी, मासा लागतोय, आवाज करू नका, असं हातानंच सांगितलं.

परतताना पोस्टमास्तर हंसात जाऊन बायकोशेजारी बसले. ही बातमी सांगायची कशी, ते त्यांना कळत नव्हतं. "अगं," ते शेवटी म्हणाले, "लग्न होत नाहीये."

"माहितीये," बायको म्हणाली. "तिनं मला बुधवारीच सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोट घासत होता. इतके खुशीत होता, म्हटलं कशाला." ती थोडा वेळ पायडल मारत राहिली. "आणि मी बोटीत का बसले नाही असं वाटतं तुम्हाला? पाण्याला कोण घाबरतंय."

पुढच्या महिन्यात मुलगा दोन विमानं बदलून गेला. मुलीनं त्याला विमानतळावर सोडलं आणि परत येताना एका घोड्याला टाके घातले. प्रकरण मिटलं असं तिला वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी साडेनऊला दंतवैद्य दारात उभे होते. एका हातात हत्यारांची पेटी आणि दुसऱ्या हातात, दोन वर्षं दवाखान्याच्या जिन्याखाली टाकी भरून पडलेला जनरेटर. मागे त्यांची बायको पिशवी घेऊन उभी होती. पोस्टमास्तरांच्या बायकोनं तिला हाताला धरून आत नेलं आणि दोघी पंख्याखाली बसल्या. पुढच्या रविवारी गवत कापायचं मशीन झालं. त्याच्या पुढच्या रविवारी गळवाल्यांची बोट, मग काठावरच्या त्या दोन. दंतवैद्य टोकरत, पोस्टमास्तर आरसा धरत आणि दोघं एकसारखं बोलत. फिटर अधूनमधून यायचा, उलट्या बादलीवर बसायचा आणि काम त्यांच्याकडे सोपवून निघून जायचा.

अशाच एका सकाळी मुलगी चहाचे कप घेऊन पत्र्याच्या खोलीत आली, तेव्हा पोस्टमास्तर म्हणत होते, "व्याही, जरा ती बारीक सळई द्या."

मुलीनं कप खाली ठेवले. दंतवैद्य बाहेर हात धुवायला जाईपर्यंत ती थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "त्यांना व्याही म्हणणं बंद करा आता. लग्न मोडलंय."

पोस्टमास्तरांनी कार्बुरेटरवर फुंकर मारली, तो उजेडात धरला आणि एक डोळा मिटून आरपार पाहिलं.

"मोडलं ते तुमचं," ते म्हणाले. "आमचं नीट चाललंय."